बारा पिल्लं कवचातच का राहिली?

या वेळचं पत्र करवीर तालुक्यातनं आलंय, आंबेवाडीच्या बाजूचं. लिहिणारीच्या लग्नाला दोन वर्षं झालीत. पत्र लांबलचक आहे, कामाचं तेवढं खाली देते.

"काकी, मी ऑनलाईन ४८ अंड्यांचं इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, मागवलं आणि मृगाच्या पहिल्या आठवड्यात ३० अंडी लावली. १२ माहेरहून आणली, गगनबावड्याकडनं, टू-व्हीलरवर, आणि त्याच संध्याकाळी मशीनमध्ये ठेवली. बाकीची थोडी दुकानातनं गावठी म्हणून घेतली, थोडी शेजारणीची. सातव्या दिवशी टॉर्चवर बघितलं तर ६ एकदम कोरी आणि ३ मध्ये लाल रिंग. २१ व्या दिवशी संध्याकाळपासनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ९ पिल्लं निघाली. बाकी १२ आतच मेली, पूर्ण वाढलेली होती, फोडली तर ओलीचिंब, फुगलेली, पाणी सांडत होतं. त्यातलं एक तर मीच मारलं. सकाळी ६ ला टोच मारलेली दिसली, ११ पर्यंत पुढं काहीच नाही म्हणून मी कवच सोललं, तर रक्त यायला लागलं आणि माझ्या हातातच गेलं. नवव्या दिवशी ४ तास लाईट गेलेली, त्यामुळं झालं का हे? टेंपरेचर ३७.५ च होतं, अंडी दिवसातनं तीनदा फिरवत होते, मशीनच्या पुस्तकात लिहिलंय तसं पाण्याच्या दोन्ही खाचांत रोज पाणी भरत होते. सासूबाई म्हणतात मशीन विकून टाक आणि खुडूक कोंबडी बसव. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मशीन विकू का?"

अगं पोरी, आधी ते हातातलं पिल्लू. तेच तुला झोपू देत नाहीये हे कळतंय मला, म्हणून मशीनचं नंतर बोलू.

पिल्लू बाहेर यायच्या आधी आत काय चाललेलं असतं ते बघ. अंड्याच्या रुंद बाजूला हवेची पोकळी असते. १९-२० व्या दिवशी पिल्लू आतल्या पापुद्र्यातनं चोच त्या पोकळीत घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं, कान लावलास तर बंद अंड्यातनं चिवचिव ऐकू येते. तोवर त्याचा श्वास पापुद्र्याला लागून असलेल्या रक्ताच्या जाळ्यातनं चाललेला असतो. मग ते चोचीवरच्या बारक्या टोकानं कवचाला बाहेरनं दिसेल अशी पहिली टोच मारतं आणि त्यानंतर गप्प पडतं. आपल्याला वाटतं दमलं, अडकलं, मरायला लागलं. तसं नसतं गं. त्या वेळात पापुद्र्यातलं रक्त त्याच्या अंगात परत ओढलं जातं आणि उरलेला बलक बेंबीतनं पोटात घेतला जातो, आणि या कामाला १२ तास लागतात, कधी १८, कधी पुरते २४. ते झालं की मग पिल्लू गोल गोल फिरत कवच कापत जातं आणि टोपण उघडल्यासारखं रुंद टोक बाजूला पडतं, तो भाग तासा-दीड तासात उरकतो.

तू ५ तासांनी सोललंस. रक्त अजून पापुद्र्यातच होतं, म्हणून ते सांडलं. ते पिल्लू चुकीच्या वेळी सोललं गेलं हे खरं, पण तुझ्या त्या १२ पैकी बाकीची ११ हात न लावता गेलीत, आणि हे त्यांच्याच रांगेतलं होतं, सोललं नसतंस तरी बहुतेक निघालं नसतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, कारण पुढं सांगते. माझ्याही हातात असंच एक गेलंय, पहिल्याच वर्षी, ओट्यावर, स्टीलच्या ताटलीत. त्याची बारकी पिवळी नखं अजून डोळ्यापुढं येतात. तेव्हापासनं माझा नियम आहे की पहिली टोच दिसली की घड्याळात वेळ बघायची, कॅलेंडरवर लिहायची आणि २४ तास झाकणाला हात लावायचा नाही. २४ तास होऊन एक तसूभर पुढं सरकलं नसेल आणि टोचेच्या कडेचा पापुद्रा पिवळट-तपकिरी होऊन वाळला असेल तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं तो ओला करायचा आणि भोकाच्या कडेचं नखाएवढं कवच काढायचं, लाल रेघ दिसली की तिथंच थांबायचं आणि अंडं परत आत.

आता तुझ्या ३० अंड्यांचा हिशोब. तू सगळं नुकसान एकाच कारणाला लावतेयस, कधी लाईटला, कधी स्वतःला, पण ही तीन वेगवेगळी नुकसानं आहेत आणि तिन्हीची कारणं वेगळी आहेत. तू फोडून बघितलंस आणि काय दिसलं ते लिहिलंस हे लई चांगलं केलंस, बरेच जण न फोडता उकिरड्यावर टाकून मोकळे होतात आणि पुढच्या बॅचला तेच परत होतं.

६ कोरी अंडी म्हणजे बहुतेक ज्यांना कोंबडाच लागला नाही अशी. गावठी म्हणून दुकानात मिळणारं तपकिरी अंडं पोल्ट्रीचंही असू शकतं, तिथं कोंबडा नसतो, त्या अंड्याला जगातलं कुठलंच मशीन पिल्लू देणार नाही. पुढच्या वेळी ज्या घरचं अंडं घेशील तिथं कोंबडा फिरताना दिसला पाहिजे, ८-१० कोंबड्यांमागं एक असला तर चांगलं, आणि त्याच घरचं एक अंडं वाटीत फोडून बघ, बलकावर नुसता पांढरा ठिपका दिसला तर कोरं, ठिपक्याभोवती बारकं गोल कडं दिसलं तर फळलेलं. आणि शिसपेन्सिलनं प्रत्येक अंड्यावर कुठल्या घरचं ते लिही, आता तुला सांगताच येत नाहीये की कोरी निघाली ती दुकानाची होती का शेजारणीची.

३ लाल रिंगवाली म्हणजे जीव धरला होता पण पहिल्या काही दिवसांतच गेला, रक्ताच्या शिरा बाजूला सरकून कडं झालं. आता बघ, रिंग तुला सातव्या दिवशी दिसली आणि लाईट गेली नवव्या दिवशी. म्हणजे त्या तिघांशी लाईटचा काही संबंध नाही. मला संशय आहे टू-व्हीलरचा. गगनबावड्याच्या रस्त्यानं पावसाळ्यात पिशवीतनं आलेली अंडी लगेच मशीनमध्ये गेली. हादऱ्यानं आतली हवेची पोकळी सुटते, अंडी टोकदार बाजू खाली करून ट्रेमध्ये १२ ते २४ तास घरात शांत ठेवायची आणि मगच लावायची. किती दिवसांची होती ते तू लिहिलं नाहीस, पण ७ दिवसांच्या आतली घे, त्याच्या पुढं रोज थोडी थोडी ताकद जाते. फ्रिजमधली नको. आणि धुवायची नाहीत, घाण असली तर कोरड्या कापडानं पुसायची, कवचावर नैसर्गिक लेप असतो तो धुतला की जंतू आत जातात.

आणि आता ती १२.

हीच खरी गोष्ट आहे आणि इथं पुस्तकानं तुला फसवलंय. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि २१ दिवसांत अंड्यातलं पाणी त्यातनं उडत जाणं गरजेचं असतं. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२-१३ टक्के कमी व्हायला पाहिजे. जेवढं पाणी उडेल तेवढी ती हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लाला पहिला श्वास त्याच पोकळीत घ्यायचाय, मान फिरवायला जागा तिथंच मिळते. पाणी उडालंच नाही तर पिल्लू फुगतं, पोकळी बारीक राहते, चोच वर आली की हवेऐवजी पाणी लागतं. ओलीचिंब, फुगलेली, पाणी सांडत होतं, हे तुझेच शब्द आहेत. ती पिल्लं गारठून मेली नाहीत, ती जास्तीच्या पाण्यानं गेलीत. आणि टोच मारलेलं ते पिल्लूही त्याच पाण्यात होतं.

मग पुस्तकाप्रमाणं वागूनही पाणी जास्त का झालं? कारण पुस्तक लिहिणाऱ्याला आपला मृग माहीत नाही. मशीनमध्ये पहिले १८ दिवस ह्युमिडिटी, म्हणजे हवेतली ओल, ४५ ते ५० टक्के पाहिजे, फार तर ५५. आता पावसाळ्यात आपल्याकडं बाहेरची हवा समजा २५ डिग्री आणि ओल ९० टक्के. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ ला तापली की तिची ह्युमिडिटी आपोआप ४५ च्या आसपास येते. म्हणजे पाण्याचा एक थेंब न टाकता तुला पाहिजे तेवढी ओल आतमध्ये आहेच! त्यात तू दोन्ही खाचा भरल्यास म्हणजे ७० च्या पुढं गेली असणार, आणि ती पण १८ दिवस. तेच जानेवारीत बघ, पहाटे १५ डिग्री आणि ६० टक्के ओल असलेली हवा ३७.५ ला तापवली तर १५-१६ टक्क्यांवर येते, तेव्हा दोन्ही खाचा भरल्याशिवाय चालतच नाही. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवाच मशीनएवढी गरम आणि कोरडी असते, तेव्हाही पाणी लागतं, पण संध्याकाळी वळीव पडला की लगेच कमी. म्हणजे खाच भरायची का नाही हे बाहेरची हवा आणि आतला काटा बघून ठरवायचं, पुस्तकात दिलंय म्हणून नाही.

तुझ्या मशीनवरचा ह्युमिडिटीचा आकडा खरा दाखवतो का हे आधी तपास. बाटलीच्या झाकणात मीठ घे, त्यावर इतकंच पाणी टाक की मीठ ओलं होईल पण विरघळणार नाही. ते झाकण आणि एक साधा छोटा हायग्रोमीटर (ओल मोजायचा काटा) घट्ट झिपच्या पिशवीत बंद करून ८ तास ठेव. काटा ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर तुझा काटा ५ नं कमी सांगतोय, तेवढे मनात मिळवायचे. मग हा तपासलेला मशीनमध्ये ठेवून स्क्रीनवरच्या आकड्याशी पडताळ. टेंपरेचरचंही तसंच, घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेव, फॅनवाल्या मशीनमध्ये ९९.५ फॅरनहाइट यायला पाहिजे, म्हणजे ३७.५. तो सगळ्यात वर गेलेला आकडा धरून ठेवतो हे लक्षात ठेव. तुझं टेंपरेचर मला ठीक वाटतंय, कारण पिल्लं वेळेवर निघाली. माझं पहिलं मशीन, कंपनीचं नाव नको, स्क्रीनवर ३७.५ दाखवायचं आणि आत ३९ असायचं. पिल्लं १९ व्या दिवशीच बाहेर आली, बारकी, सारखी ओरडणारी, बेंबी उघडी आणि लाल. २४ पैकी ५ जगली. मी तेव्हा दोन महिने अंड्यांनाच दोष देत बसले होते. लवकर निघाली तर मशीन गरम, २३ व्या दिवशी सुस्त पिल्लं निघाली तर मशीन गार, एवढं तारखेवरनंच कळतं.

लाईटचं. कोंबडी पण रोज १५-२० मिनिटं अंडी उघडी टाकून दाणे टिपायला उठते आणि अंड्यांना काही होत नाही. लाईट काही तास गेली तरी अंडी सहसा सोसतात, फार तर निघायला उशीर होतो. गारव्यापेक्षा जास्त ऊब लवकर मारते, ४० च्या वर गेलं तर थोड्या वेळातच खेळ संपतो. म्हणून लाईट गेली की झाकण उघडून बघत बसायचं नाही. मशीनवर वाकळ टाकायची, शेवटच्या आठवड्यात हवेची भोकं मात्र मोकळी सोडायची कारण मोठ्या पिल्लांना हवा लागते, आणि फारच लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून मशीनला बाहेरनं लावायच्या. पण तुमची बाजू नदीकाठची आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवून बघ, चिखली-आंबेवाडीत तेव्हा अंडी सोड, जनावरं बाहेर काढायची पंचाईत झाली होती. पंचगंगा चढायला लागली असेल तर बॅच लावूच नको, किंवा इन्व्हर्टर असलेल्या वरच्या घरात लाव.

आता सासूबाई. त्या म्हणतात खुडूक बसव, आणि मी म्हणते बसव. पण मशीन विकून नको, दोन्ही एकाच दिवशी. त्यांच्याकडं बसायला आलेली कोंबडी असेल तर तिच्याखाली त्यांच्या पद्धतीनं डालग्यात राख-गवत घालून ६-७ अंडी ठेवू देत, आणि त्याच संध्याकाळी तू मशीनमध्ये १२ लाव, त्याच घरची, त्याच वयाची. कोंबडी मधनंच उठली तर तिची अंडी मशीनमध्ये येतील. आणि सगळं नीट झालं तर २१ व्या-२२ व्या रात्री, तिची पिल्लं निघालेली असताना, अंधारात मशीनची वाळलेली पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवायची. सकाळी ती सगळ्यांना आपलीच धरते. दिवसा नको, दिवसा परकं पिल्लू बघून काही कोंबड्या टोचतात. एकदा तिनं घेतली की तुझा बल्बचा आणि थंडीचा सगळा ताप गेला, आणि पावसाळ्यात हे लई मोठं काम वाचतं. सासूबाईंना विचार की कोंबडी अंडी किती वेळा फिरवते, त्यांनी ते शंभर वेळा बघितलं असणार. तीनदा फिरवतेस ते बरोबर आहे, ते विषम असावं म्हणजे रोजची लांब रात्र एकाच कुशीवर जात नाही. एका बाजूला × आणि दुसऱ्या बाजूला ० काढून ठेव म्हणजे कुठलं फिरवायचं राहिलं ते दिसतं.

जी ९ निघालीत त्यांचं थोडक्यात. पहिला आठवडा ३५ डिग्री, मग दर आठवड्याला ३ नं कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडं बघ, बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर गारठतायत, भिंतीकडं चोची उघडून पडली असतील तर उकडतंय. खाली गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात, पोत्याचा तुकडा टाक. ५ ते ७ दिवसांत लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घालून घे, मानमोडी (राणीखेत रोग) आली तर एक पण राहत नाही, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. वाटीत पाणी उथळ ठेव, खडे टाकून.

नवीन बॅच अशी कर. तेव्हाही पाऊस असला तर १८ व्या दिवसापर्यंत मशीनमध्ये पाणी नको, तपासलेला काटा ४० च्या खाली गेला तरच एक खाच अर्धी. १८ व्या दिवशी फिरवणं बंद, अंडी आडवी, तेव्हा मात्र दोन्ही खाचा भर आणि ६५-७० वर ने, कारण शेवटचे तीन दिवस पापुद्रा वाळून पिल्लाला आवळायला नको. मग झाकण बंद ते बंद. एक निघालं, ओलं आहे, बाकीच्यांवर पडतंय असं बघून तुझा हात शिवशिवणार, पण उघडलंस की सगळी वाफ एका झटक्यात जाते आणि टोच मारलेली बाकीची अडकतात. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो, ते दोन दिवस दाणा-पाण्याशिवाय मजेत राहतं.

आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा काढ. लावायच्या आधी १२ अंड्यांचं मिळून वजन कर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. गावठी अंडं साधारण ४५ ग्रॅमचं धरलं तर ५४० भरेल. सातव्या दिवशी तेच ५१५ च्या आसपास आणि १८ व्या दिवशी, बाराही अंडी आत असतील तर, ४७०-४७५ यायला पाहिजे. कोरं निघालेलं अंडं लगेच काढू नको, सातव्या दिवशी आधी सगळ्यांचं वजन कर आणि मग काढ, नाहीतर हिशोब चुकतो. तो सातव्या दिवसाचा आकडा मला कळव. ५२५ च्या वर भरलं तर आत अजून ओल जास्त आहे, खाच कोरडी पुसून काढ आणि हवेचं भोक आणखी थोडं उघड.